पिकअप विकत घेताना : पासिंग, फेऱ्या आणि हप्ता यांचा हिशेब

समजा तुमचे मामा बंगळुरूला असतात. खानापूर-विटा-आटपाडी भागातली पुष्कळ माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी शुद्ध करण्याच्या कामासाठी देशभर पांगली, त्यांतलेच एक तुमचे आजोबा. ते बंगळुरूला गेले आणि तिथलेच झाले. मामांनी मात्र गलाई सोडून भाजीचा व्यापार धरला. कृष्णराजेंद्र मार्केटजवळ त्यांचा गाळा आहे. रोज रात्री कोलारच्या बाजार समितीतून त्यांचे टोमॅटोचे ६० क्रेट भाड्याच्या गाडीने येतात. एका फेरीला २,८०० रुपये पडतात आणि महिन्यात २६ फेऱ्या होतात. एका संध्याकाळी मामांचा फोन येतो : "तू कॉमर्सला आहेस ना? मी पिकअप घ्यायची म्हणतोय. शोरूमवाला सांगतो, महिन्याला एकवीस हजारांचा हप्ता बसेल. इथे मी भाड्यापोटी त्र्याहत्तर हजार घालवतोय. घेऊन टाकू का?"

मामांनी ७२,८०० रुपयांच्या भाड्याशेजारी २१,००० रुपयांचा हप्ता ठेवला आणि त्यांना उत्तर दिसले. वर्गात हे उदाहरण दिले की निम्म्याहून अधिक विद्यार्थीही हेच उत्तर देतात. या टिपणात आपण ते तपासणार आहोत. त्यासाठी परिव्यय लेखांकनातल्या स्थिर खर्च, बदलता खर्च आणि ना नफा ना तोटा बिंदू या तीन कल्पना लागतील. पण त्याआधी एक वेगळी, पुस्तकात नसलेली गोष्ट लागेल. ती म्हणजे वजनकाटा.

पिकअप म्हणजे नेमकी कोणती गाडी?

बंगळुरूत 'पिकअप' हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गाड्यांसाठी वापरला जातो. शहराच्या नैऋत्येला बिडदी येथे टोयोटा किर्लोस्कर मोटर हा कारखाना आहे. किर्लोस्करवाडीच्या किर्लोस्करांचे नाव त्यात आहे, म्हणून मराठी वाचकाला तो परका वाटू नये. तिथे तयार होणारी हायलक्स ही पिकअप मार्च २०२२ मध्ये ३३.९९ लाख रुपयांपासून पुढे अशा किमतीला बाजारात आली. इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस याच जातीची. पाच माणसे बसतील अशी केबिन, मागे छोटा हौदा. हौस, डोंगर, शेतघर यांसाठी या गाड्या ठीक आहेत. मामांच्या टोमॅटोशी त्यांचा संबंध नाही.

मामा ज्या गाडीबद्दल बोलतात ती व्यापारी पिकअप. बोलेरो पिकअप, अशोक लेलँडची दोस्त, टाटा इंट्रा ही त्या वर्गातली नावे. त्यांच्या खालच्या पायरीवर टाटा एस, म्हणजे लोकांचा 'छोटा हत्ती'. ही मिनी ट्रक मे २००५ मध्ये आली. ७०२ सीसीचे दोन सिलिंडरांचे डिझेल इंजिन, पाऊण टन माल आणि सुमारे सव्वादोन लाख रुपये किंमत. तोवर शहरातला किरकोळ माल मालवाहू तीनचाकीवर तरी जाई किंवा गरजेपेक्षा मोठ्या टेम्पोत. मधली जागा रिकामी होती, ती या गाडीने भरली. दोस्तची गोष्ट बंगळुरूला आणखी जवळची आहे. २०११ मध्ये आलेली ही सव्वा टनाची गाडी शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या होसूरच्या कारखान्यात बनू लागली. होसूर तामिळनाडूत असले तरी मामांना रस्ता कर कर्नाटकचाच भरावा लागेल, कारण गाडी कुठे बनली यावर कर ठरत नाही, ती कुठे ठेवली आणि चालवली जाते यावर ठरतो.

पासिंग : एका आकड्यात अनेक निर्णय

गाडीबाजारात कोणी विचारत नाही की इंजिन किती अश्वशक्तीचे आहे. विचारतात, "पासिंग किती?" पासिंग म्हणजे कायद्याने किती माल भरता येतो ते. गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर दोन वजने असतात. एक रिकाम्या गाडीचे, दुसरे मालासह एकूण अनुज्ञेय वजन. या दोहोंतला फरक म्हणजे पासिंग. समजा एकूण वजन २,९९० किलो आणि रिकामे वजन १,६९० किलो असेल, तर फरक १,३०० किलो. बोलीभाषेत ही 'तेराशेची गाडी'.

इथे एक बारकावा आहे आणि तो शोरूममध्ये फारसा कोणी सांगत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये रिकाम्या वजनाची जी व्याख्या आहे, तिच्यात चालक आणि त्याचा मदतनीस यांचे वजन धरलेले नाही. म्हणजे ते दोघे गाडीत बसले की त्यांचे वजन मालाच्या वाट्यातून जाते. दोघांचे मिळून १४० किलो धरा. मालासाठी उरले १,१६० किलो. हौद्यावर वरून लोखंडी पिंजरा बसवला तर त्याचे वजनही यातूनच जाईल. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, ते वेगळेच.

आता क्रेट मोजू. कोलारच्या बाजारात टोमॅटोचा भाव १५ किलोच्या क्रेटवर बोलला जातो. पण तो निव्वळ मालाचा. प्लास्टिकचा क्रेट दोन किलोचा धरला तर गाडीवर चढते ते वजन १७ किलो. मामांचे ६० क्रेट म्हणजे १,०२० किलो. पाऊण टनाची मिनी ट्रक इथेच बाद झाली. ती घेतली तर मामा एक तर दोन फेऱ्या करतील किंवा, खरे बोलायचे तर, एकाच फेरीत सगळे कोंबतील. तेराशेच्या गाडीत १,१६० भागिले १७, म्हणजे ६८ क्रेट कायदेशीरपणे बसतात. मामांच्या ६० क्रेटनंतर आठ क्रेटांची जागा उरते. हे आठ क्रेट लक्षात ठेवा, पुढे त्यांचे काम आहे.

हौद्याचे माप काय सांगते तेही पाहा. हौदा अडीच मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद असेल आणि क्रेट ६० बाय ४० सेंटिमीटरचा असेल, तर एका थरात १६ क्रेट बसतात. पाच थर म्हणजे ८० क्रेट. डोळ्यांना गाडी नुकतीच भरलेली दिसते, पण वजन १,३६० किलो झालेले असते आणि त्यात माणसे अजून धरलीच नाहीत. टोमॅटोत हौदा भरण्याआधी पासिंग संपते. याच बाजारात झेंडूच्या फुलांचा किंवा कोथिंबिरीचा व्यापारी असेल तर उलटे होते. त्याचा हौदा काठोकाठ भरतो आणि वजन निम्म्यावरही जात नाही. त्याने जास्त पासिंगसाठी पैसे मोजणे व्यर्थ, त्याला लांब हौदा हवा. फरशी किंवा सिमेंट नेणाऱ्याचा हौदा अर्धा रिकामा राहतो तरी काटा ओरडतो. म्हणून गाडी पाहायला जाण्याआधी मामांनी आपली आजची भाड्याची गाडी एकदा भरलेली आणि एकदा रिकामी काट्यावर न्यावी. काट्याची पावती काही रुपयांत मिळते आणि शोरूममधल्या चकचकीत माहितीपत्रकापेक्षा ती जास्त सांगते.

"साहेब, तेराशे कागदावर, दोन टन आरामात ओढते," असे विक्रेता म्हणेल. ते खोटे नसेलही. पण गाडी किती ओढते आणि किती ओढू देतात हे दोन प्रश्न आहेत. मामांनी १०० क्रेट भरले तर १,७०० किलो माल, त्यात १४० किलोंची माणसे, म्हणजे मर्यादेपेक्षा ५४० किलो जास्त. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली जादा वजनाचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. रात्री दोन वाजता होस्कोटेजवळ ३२ क्रेट रस्त्याकडेला उतरवले तर त्यांचे काय होईल याचा अंदाज तुम्हीच करा. कमानपाटे, ब्रेक आणि टायर यांची झीज तर पावती न देता होत राहते.

२,९९० आणि ३,४९० हेच आकडे का?

वेगवेगळ्या कंपन्यांच्या पिकअपची कागदपत्रे शेजारी ठेवली तर एकूण वजनाचे तेच ते आकडे पुन्हा दिसतात : २,९९० किलो किंवा ३,४९० किलो. हा योगायोग नाही. कलम ६६ नुसार मालवाहू गाडीला परमिट लागते, पण एकूण वजन ३,००० किलोंपेक्षा जास्त नसेल तर लागत नाही. आणि हलक्या मालवाहू गाड्यांचा एन-१ हा वर्ग ३,५०० किलोंवर संपतो. कंपन्या दोन्ही कुंपणांच्या दहा किलो आत उभ्या राहतात. कायद्यातली एक ओळ अभियंत्याच्या आराखड्यावर कशी उमटते याचे यापेक्षा सोपे उदाहरण मला माहीत नाही. मामांना १,०२० किलो न्यायचे आहेत, त्यामुळे २,९९० च्या आतली गाडी पुरते आणि परमिटचे काम वाचते. विजेवर चालणाऱ्या मालवाहू गाड्यांना २०१८ पासून वजन कितीही असले तरी परमिटची गरज नाही.

चालकाच्या परवान्याची मर्यादा याहून बरीच वर आहे. ७,५०० किलोंपर्यंतची गाडी 'हलके मोटार वाहन' ठरते. असा परवाना असलेला माणूस त्या वजनापर्यंतची मालवाहू गाडी वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले होते आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते कायम केले. आधी या मुद्द्यावरून विमा कंपन्या अपघाताचे दावे लढवत असत.

रस्ता कर मात्र राज्यांचा विषय आहे, संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ५७ व्या क्रमांकावर. म्हणून एकाच गाडीची ऑन-रोड किंमत सांगलीत एक आणि बंगळुरूत दुसरी. "सांगलीत भाच्याच्या नावावर घेऊ आणि इकडे चालवू" ही कल्पना मामांना सुचली तर त्यांना सांगा : गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथली नोंदणी घ्यावीच लागते. आणि भाचा म्हणजे तुम्ही, तेव्हा कर्जाचा बोजाही तुमच्याच नावावर येईल.

बंगळुरूच्या रस्त्यावर काय चालते

अवजड गाड्यांना शहरात दिवसाच्या गर्दीच्या तासांत बंदी असते. हे तास वाहतूक पोलीस वेळोवेळी बदलतात, म्हणून गाडी घेण्याआठवड्याची अधिसूचना पाहावी. या बंदीमुळेच मोठ्या ट्रकमधला माल शहराच्या कडेला उतरतो आणि छोट्या गाड्यांत चढून आत येतो. चिकपेट आणि ॲव्हेन्यू रोडच्या गल्ल्यांत तर वळणाचा घेर हाच निर्णायक ठरतो. टाटा एसचा घेर ४.३ मीटर, पिकअपला त्याहून बरीच जास्त जागा लागते. मामांचा गाळा आतल्या गल्लीत असेल तर त्यांनी एक काम करावे. ज्या गाडीवर मन बसले आहे तशी एखादी गाडी एका दिवसासाठी भाड्याने घ्यावी आणि माल भरून गाळ्यापर्यंत आणावी. रिकाम्या गाडीची शोरूमभोवतीची चक्कर ही चाचणी नव्हे.

इंधन मार्गावर ठरते. कोलार जाऊन-येऊन आणि शहरातले फिरणे धरून रोज १५० किलोमीटर होतात. टाटा एसची विजेवर चालणारी गाडी २०२२ मध्ये आली, तिचा माल ६०० किलो आणि एका चार्जमधला जाहीर पल्ला १५४ किलोमीटर. मे २०२४ मध्ये एक टनाची आवृत्ती आली, तिचा पल्ला १६१. जाहीर पल्ला हा चाचणीतला असतो, भरल्या गाडीने रात्रीच्या हायवेवर तो तसा मिळत नाही. म्हणजे मामांच्या मार्गासाठी वीज आज नाही. तेच पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतून राजाजीनगरला दिवसाला ५० किलोमीटर करणाऱ्या व्यापाऱ्यासाठी उत्तर बदलते. थांबत-सरकत चालणाऱ्या वाहतुकीत डिझेल जळत राहते, तर विजेची गाडी ब्रेक लावताना थोडी वीज परत मिळवते. सीएनजीची टाकी जड असते आणि तिचे वजन पासिंगमधून जाते, हे विसरू नये. आपण मामांसाठी डिझेल धरू.

गणित

पुढचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुम्ही स्वतःच्या गावातले घाला, पद्धत तीच राहील. तेराशेच्या पिकअपची ऑन-रोड किंमत १० लाख रुपये. सहा वर्षांनी ती २,८०,००० ला विकली जाईल. म्हणजे घसारा ७,२०,००० रुपये, महिन्याला १०,०००. कर्ज ८ लाखांचे, त्याचे एकूण व्याज २,२४,०००, तेही सहा वर्षांवर वाटले तर महिन्याला सुमारे ३,१००. विमा, कर, फिटनेस यांसाठी महिन्याला ५,०००. चालकाचा पगार २०,०००. हा झाला स्थिर खर्च, एकूण ३८,१०० रुपये. गाडी जागेवर उभी असली तरी तो चालूच राहतो.

बदलता खर्च फेरीवर. गाडी लिटरला १२ किलोमीटर देते आणि डिझेल ९१ रुपये असेल, तर १५० किलोमीटरला १,१३७ रुपये ५० पैसे. देखभाल आणि टायर किलोमीटरला दीड रुपया, म्हणजे २२५. टोल १५०. एका फेरीचा बदलता खर्च १,५१२ रुपये ५० पैसे.

भाड्याची फेरी २,८०० ला पडते. स्वतःची गाडी असती तर प्रत्येक फेरीमागे २,८०० वजा १,५१२ म्हणजे साधारण १,२८८ रुपये वाचले असते. या बचतीतून ३८,१०० चा स्थिर खर्च भरून निघायला ३८,१०० भागिले १,२८८, म्हणजे जवळजवळ ३० फेऱ्या लागतात. हाच ना नफा ना तोटा बिंदू. मामा करतात २६. त्यांना स्वतःची गाडी महिन्याला ७७,४२५ रुपयांना पडेल, भाड्याची ७२,८०० ला. 'त्र्याहत्तरऐवजी एकवीस' हे गणित गेले कुठे, असे ते विचारतील. हप्ता हा गाडीच्या खर्चातला एक तुकडा आहे, पूर्ण खर्च नव्हे, एवढेच त्याचे उत्तर.

"चालक कशाला? मीच चालवीन," हा त्यांचा पुढचा डाव असेल. मग २०,००० वाचले का? रात्री एक वाजता कोलारहून निघून पहाटे गाळ्यावर उभे राहणारा माणूस दिवसभर भाव काय करणार? त्यांच्या जागी गाळ्यावर कोणाला बसवले तर त्याचा पगार आला, आणि कोणालाच नाही बसवले तर मामींवर भार आला. फुकटचे काहीच नाही, यालाच अर्थशास्त्रात संधी खर्च म्हणतात. झोप न झालेल्या चालकाच्या धोक्याची किंमत तर या ताळेबंदात बसतच नाही.

आता ते आठ क्रेट. शेजारच्या गाळेवाल्याचे आठ क्रेट रोज आणले आणि भाड्याच्या चालू दराने, म्हणजे क्रेटला ४६ रुपये ६७ पैशांनी, पैसे घेतले तर महिन्याला सुमारे ९,७०० रुपये येतात. मामांचा खर्च ६७,७०० वर उतरतो आणि गाडी घेणे पाच हजारांनी फायद्याचे ठरते. डिझेलच्या दरातल्या दोन रुपयांनी हा निर्णय फिरत नव्हता, रिकाम्या राहिलेल्या जागेने फिरला. कोलारला जाताना रिकाम्या जाणाऱ्या हौद्यात काही भाडे मिळाले तर आणखी उत्तम. मात्र दुसऱ्याचा माल पैसे घेऊन नेला की गाडी सार्वजनिक मालवाहू ठरते आणि विमाही त्याच वर्गाचा हवा. स्वतःच्याच मालापुरता स्वस्त विमा काढून शेजाऱ्याचे क्रेट भरले आणि अपघात झाला, तर दावा अडकू शकतो. २०२२ च्या अधिसूचनेत ७,५०० किलोंपर्यंतच्या सार्वजनिक मालवाहू गाडीचा तृतीय पक्ष विमा १६,०४९ रुपये होता. १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी मोटारीला तेव्हा ३,४१६ होते. ज्यांनी आजवर फक्त घरची मोटार पाहिली आहे त्यांना हा आकडा धक्का देतो.

हप्ता : 'सात टक्के' म्हणजे किती?

८ लाख, चार वर्षे, सात टक्के 'फ्लॅट'. म्हणजे दरवर्षी ५६,००० प्रमाणे २,२४,००० व्याज, एकूण १०,२४,०००, भागिले ४८, हप्ता २१,३३३. पण पहिले वर्ष संपेपर्यंत मामांनी मुद्दलातला बराच भाग फेडलेला असतो आणि तरीही व्याज पूर्ण ८ लाखांवरच लागत राहते. घटत्या शिलकीवर खरोखरच सात टक्के असते तर हप्ता १९,१५७ आला असता आणि एकूण व्याज १,०४,००० रुपयांनी कमी. उलट बाजूने पाहिले तर २१,३३३ चा हप्ता घटत्या शिलकीच्या सुमारे १२.७ टक्क्यांइतका पडतो. एखादी बँक 'साडेअकरा टक्के, घटत्या शिलकीवर' म्हणत असेल तर ती 'सात टक्के फ्लॅट'पेक्षा स्वस्त आहे. स्प्रेडशीटमध्ये रेट हे सूत्र वापरून हे पडताळून पाहा, पाच मिनिटांचे काम आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा कर्जांसाठी कर्जदाराला मुख्य तथ्य विवरण द्यावे लागते आणि त्यात प्रक्रिया शुल्कासह खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो कागद मागायचा.

आणि घसारा वेगळा, रोकड वेगळी. घसारा सहा वर्षांवर पसरतो, हप्ता चार वर्षांतच संपवावा लागतो. त्या चार वर्षांत मामांच्या खिशातून महिन्याला जातील २१,३३३ हप्ता, २५,००० विमा-कर-पगार आणि ३९,३२५ फेऱ्यांचा खर्च, मिळून ८५,६५८ रुपये. आज जातात ७२,८००. दरमहा सुमारे १२,८५० ची तूट आहे आणि ४८ महिन्यांत ती सहा लाखांवर जाते. शेजाऱ्याचे आठ क्रेट मिळाले तरी महिन्याला तीन हजार कमीच पडतात. जुलै २०२३ मध्ये कोलारला १५ किलोचा क्रेट २,००० रुपयांच्या वर गेला होता आणि पडत्या बाजारात हाच टोमॅटो रस्त्यावर फेकलेलाही लोकांनी पाहिला आहे. बँकेला यातले काही कळत नाही, तिला महिन्याच्या ठरल्या तारखेला २१,३३३ हवे असतात. नोंदणी प्रमाणपत्रावर तिचा बोजा नोंदलेला असतो आणि हप्ते थकले तर गाडी ओढून नेली जाते, ती बहुधा नेमक्या मंदीत.

शोरूममध्ये

मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी ८ लाखांची गाडी आधी १०,२४,००० ला होती, आता ९,४४,००० ला. हार्डवेअरचा नोंदणीकृत व्यापारी मालवाहू गाडीवरच्या या १,४४,००० रुपयांचे इनपुट क्रेडिट घेऊ शकतो. मामांना ते मिळत नाही, कारण ताजी भाजी करमुक्त आहे आणि करमुक्त विक्रीसाठी वापरलेल्या वस्तूवर क्रेडिट नाही. एकच गाडी दोन व्यापाऱ्यांना दोन किमतींना पडते ती अशी.

कोटेशन एका रकमेत घेऊ नये. शोरूम किंमत, रस्ता कर, नोंदणी, विमा, हौद्याचे काम, इतर साहित्य असे सुटे लिहून घ्यावे. विमा बाहेरून काढण्याचा हक्क ग्राहकाला आहे. चेसिस क्रमांक गाडीवर स्वतः वाचून विक्री प्रमाणपत्र (फॉर्म २१) आणि रस्तायोग्यता प्रमाणपत्र (फॉर्म २२) यांच्याशी ताडून पाहावा, निर्मितीचा महिनाही तिथेच कळतो. डिसेंबरमध्ये मोठी सूट मिळत असेल तर जानेवारीत ती गाडी विकताना 'मागच्या वर्षीची' ठरते. नवीन मालवाहू गाडीचा फिटनेस दोन वर्षांचा असतो, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी नवा घ्यावा लागतो. त्या दिवशी गाडी धंद्यावर नसते, एक फेरी भाड्याची धरून ठेवावी.

स्वाध्याय

पीण्यातला एक हार्डवेअर व्यापारी दिवसाला दोन फेऱ्या करतो. प्रत्येक फेरी जाऊन-येऊन २५ किलोमीटर, माल ६०० किलो, महिन्यात २६ दिवस, भाड्याचा दर फेरीला ९०० रुपये. मिनी ट्रकची पासिंग ७५० किलो आहे आणि गाडीत चालकासह दोघे बसतात. माल कायद्यात बसतो का ते आधी पाहा. मग तुमच्या शहरातले डिझेलचे आणि विजेचे दर घेऊन दोन्ही गाड्यांचे ना नफा ना तोटा बिंदू काढा. किंमत, पगार आणि विमा यांचे आकडे तीन वेगवेगळ्या ठिकाणी विचारून आणा आणि कोणाला विचारले तेही लिहा.